एक ठोका जास्त

ब्लाउज शिवणाऱ्या बायकांच्या तोंडी ‘ओव्हरलॉक’ हा शब्द अगदी रुळलेला असतो. कापडाची कापलेली कड उसवू नये म्हणून तिच्यावरून जी गोफासारखी शिवण घालतात, तिचे हे नाव. आमच्या घरी हा शब्द दिवसातून दहा वेळा तरी ऐकू येतो. कारण हिचा शिवणाचा व्यवसाय आहे आणि ‘ओव्हरलॉक बाहेरून करून आणावं लागतं’ हे तिचे जुने आणि रास्त दुःख आहे. त्यामुळे दसऱ्याच्या आधी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला आणि आमच्या संगणकाकडे बोट दाखवून म्हणाला, “सर, याला ओव्हरक्लॉक करून टाकू,” तेव्हा स्वयंपाकघरातून ही लगबगीने बाहेर आली.

“किती घ्याल?” तिने विचारले.

“काकू, याला पैसे नाही लागत,” तो म्हणाला.

बिनपैशाच्या ओव्हरलॉकची वार्ता ऐकून तिच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटला, तो मावळताना पाहणे मला जड गेले. एका ‘क’चाच काय तो फरक! पण पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात जी खलबते चालली, ती या दोन शब्दांच्या मधल्या जागेतच चालली होती.

आधी यंत्राची ओळख करून द्यायला हवी. मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षणाने मॅट्रिक. आमच्या वेळी खरे म्हणजे एस.एस.सी. म्हणत, पण वडील शेवटपर्यंत ‘आमचा मुलगा मॅट्रिक झाला’ असेच सांगत, आणि मलाही तो शब्द अधिक भारदस्त वाटतो. पुढे चित्रकला-शिक्षकाची पदविका घेऊन अकोल्याच्या एका शाळेत लागलो. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. अशा माणसाकडे जेवढ्यास तेवढा संगणक असावा. आमचा मात्र त्याच्या लायकीपेक्षा फारच वरच्या जातीच्या घरात जन्मला होता. २०१३ साली नागपूरला इंजिनीअरिंगचा एक विद्यार्थी शिक्षण आटोपून परदेशी निघाला, आणि त्याच्या खोलीतले सामान विक्रीला निघाले. कॉट, सायकल, टेबलफॅन आणि ही पेटी. त्याने ती खेळ खेळण्यासाठी मोठ्या हौसेने, एकेक भाग निवडून जुळवली होती. मी ती ‘लिहायला बरी पडेल’ म्हणून आणली. शंकरपटात धावणारा खोंड दळणाच्या गाडीला जुंपावा, तसा हा प्रकार!

त्या पेटीतल्या प्रोसेसरचे नाव ‘कोअर आय५-२५००के’. इंटेलने तो २०११च्या जानेवारीत बाजारात आणला. नावातल्या त्या शेवटच्या ‘के’कडे मी तपभर रोज पाहत आलो होतो. माणसांच्या नावापुढे जशी आद्याक्षरे असतात तसेच काहीतरी असेल, असे समजून चालत होतो. त्या ‘के’चा अर्थ ‘बिनकुलपाचा’ असा होतो, हे माझ्या विद्यार्थ्याने मला सांगितले.

त्याने मला समजावून सांगितले ते असे. प्रोसेसरच्या पोटात एक ठोका अखंड चालू असतो. या पिढीच्या प्रोसेसरमध्ये मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला दहा कोटींचा. त्याला ३३ने गुणले की ३,३०० मेगाहर्ट्झ. आमचा हा कारकून टेबलाखाली बसून सेकंदाला तीनशेतीस कोटी ठोके मारतो. त्याच्या भाईबंदांमध्ये हा ३३चा गुणक फारसा वर नेता येऊ नये म्हणून कारखान्यातच बंदोबस्त केलेला असतो. ‘के’ला तो बंदोबस्त नाही. मदरबोर्डही त्याच्या तोलाचा असावा लागतो, तो त्या नागपूरच्या मुलाने ‘झेड६८’ जातीचा घेऊन ठेवला होताच. म्हणजे आत जाऊन ३३च्या जागी ४२ लिहायचे, आणि काम झाले. मूळ शंभराच्या ठोक्याला मात्र हात लावायचा नाही. कारण यंत्रातल्या बाकीच्या वाहिन्याही त्याच ठोक्यावर चालतात. तबलजीने लय वाढवली की सारी मैफलच धावत सुटायची!

“हा धंदा जुना आहे सर,” तो म्हणाला. त्याच्या उस्तादांच्या काळी, म्हणजे १९९८ साली, ‘सेलेरॉन ३००ए’ नावाचा एक स्वस्तातला प्रोसेसर निघाला होता. त्या वेळी उलटे होते. गुणक कुलपात, आणि मूळ ठोका मोकळा. तो ६६वरून १००वर नेला की तीनशेचा प्रोसेसर साडेचारशेने धावे. पुष्कळांचा धावला, आणि त्यांनी त्याच्या कथा पुढच्या पिढीला सांगितल्या. आमच्या वडिलांच्या पिढीत सायकलवरून अकोला ते शेगाव गेलेल्या माणसांच्या जशा कथा असत, तशाच.

कारखानदार एवढी ताकद शिल्लक ठेवून माल विकतो तरी का, हा प्रश्न मला पडला. पण अकोल्यात राहणाऱ्याला त्याचे उत्तर समजायला अडचण पडत नाही. एकाच शेतातला कापूस. पण पहिल्या वेच्याचा वेगळा आणि फरदडीचा वेगळा. धाग्याची लांबी, रंग, ओलावा पाहून त्याची प्रत लावतात. सिलिकॉनच्या एका गोल चकतीवरही असेच शेकडो प्रोसेसर एकदम उमटवतात आणि मग एकेक तपासून प्रत लावतात. कोणी जास्त ठोक्याला स्थिर राहतो, कोणी राहत नाही. शिवाय मधल्या प्रतीला गिऱ्हाईक जास्त असले, तर वरच्या प्रतीचा मालही कधीकधी मधल्या शिक्क्याने जातो. ओव्हरक्लॉक करणारा माणूस म्हणजे शिक्का बाजूला सारून, आत लांब धागा असेल या आशेने गाठीत हात घालणारा व्यापारी.

आता हे सगळे कशासाठी, तेही सांगतो. लिहिण्यासाठी नव्हे. लिहिताना संगणकाचा कोणता भाग किती राबतो ते पाहण्याची सोय विंडोजमध्ये आहे. ती उघडून पाहिली तर माझ्या कादंबरीसाठी प्रोसेसरचे दोन-तीन टक्केही खर्ची पडत नव्हते. मी ‘पण’ एवढा शब्द लिहून पाच मिनिटे पंख्याकडे पाहत बसतो. तो कारकून शहाणा आहे. काम नसले की आपला गुणक सोळावर आणून डुलकी काढतो. त्या डुलकीतसुद्धा माझ्या ‘पण’नंतरच्या शब्दाची वाट पाहत तो जवळजवळ अर्धा लाख कोटी ठोके मारतो. एवढा धीर माझ्या कोणत्याही संपादकाने दाखवलेला नाही. सकाळी यंत्र सुरू व्हायला वेळ लागे, तेही प्रोसेसरचे दुखणे नव्हते. चार वर्षांपूर्वी जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, आणि चहाला आधण ठेवून येईपर्यंत चालणारे काम चूळ भरेपर्यंत होऊ लागले. यंत्र हळू चालते म्हणून जे लोक एकदम प्रोसेसर बदलायला निघतात, त्यांनी आधी दुखते कुठे ते पाहावे, असे माझे मत आहे. पोट दुखत असता दात काढून घेण्याने दंतवैद्याचे तेवढे भले होते.

दुखत होते ते मुलीच्या बाजूने. मुलगी बारावी झाली आणि तिने ॲनिमेशन शिकायचे ठरवले. माझ्या घरात चित्रकला दुसऱ्या दाराने आली, याचा मला आनंदच आहे. ज्या संस्थेत तिला जायचे आहे तिथे जानेवारीअखेर स्वतः केलेली एक छोटी चित्रफीत पाठवायची आहे. तिने विषय निवडला तो कापसाच्या बोंडातून सुटलेल्या म्हातारीचा. ती म्हातारी उडत उडत जिनिंगच्या ढिगावरून, रेल्वेच्या पुलावरून, कोणाच्या तरी वाळत घातलेल्या धोतरावर येऊन बसते. तीस सेकंदांची गोष्ट. कल्पना मला फार आवडली. पण कापसाचा एकेक तंतू, त्यातून आरपार येणारा सूर्यप्रकाश, त्या तंतूची दुसऱ्या तंतूवर पडणारी सावली, हे सारे गणित प्रोसेसरला करावे लागते. तीस सेकंदांची चित्रे सेकंदाला चोवीसप्रमाणे ७२०. एका चित्राला आमच्या यंत्रावर सहा मिनिटे. म्हणजे ७२ तास! तीन दिवस आणि तीन रात्री चारही कोअर शंभर टक्के राबणार, आणि शेवटी कळणार की म्हातारीची सावली उलट्या बाजूला पडली आहे. पहिल्याच हाताला सुरेख उतरलेले चित्र मी चोवीस वर्षांच्या मास्तरकीत फार थोडे पाहिले आहे. तिला ही उठाठेव तीन-चार वेळा तरी करावी लागणार, हे मी धरून चाललो होतो.

‘कोअर’ हा शब्द ज्यांना नवा असेल त्यांनी चकल्यांची आठवण करावी. १९७१ साली इंटेलने ‘४००४’ हा आपला पहिला प्रोसेसर एका जपानी कंपनीच्या गणनयंत्रासाठी केला. त्यात २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि ठोके सेकंदाला सात लाख चाळीस हजार. तिथून पुढे तीस-पस्तीस वर्षे ट्रान्झिस्टर बारीक होत गेले आणि ठोका वाढत गेला. ट्रान्झिस्टर लहान केला की त्याला विजेचा दाबही कमी पुरतो, म्हणून उष्णता आटोक्यात राहते, असे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली मांडले होते. ते गणित २००५च्या सुमारास अडखळले. दाब आणखी उतरेना. २००४ साली ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचलेल्या ‘पेंटियम ४’चा ४ गिगाहर्ट्झचा अवतार त्याच वर्षी रद्द झाला. एका बाईने किती झपाझप चकल्या पाडाव्यात, यालाही मर्यादा आहेच की! मग शहाणी सासू काय करते? चार सोऱ्या आणते आणि चार जणींना बसवते. ते चार म्हणजे चार कोअर. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, तोही पुष्कळ प्रोसेसरांना एका पंगतीत बसवूनच. मुलीची चित्रे हे चकल्यांचे काम आहे. जितके हात जास्त तितके लवकर. माझी कादंबरी हे चकल्यांचे काम नाही. तिथे चार जण बसवले तर चार कादंबऱ्या होतील, आणि एकही पुरी होणार नाही.

तेव्हा वाटा तीन होत्या. पहिली, सगळेच बदलायचे. नवा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डच्या खाचेत बसत नाही. म्हणून मदरबोर्ड नवा. आमची रॅम डीडीआर३ जातीची, ती नव्या मदरबोर्डात जात नाही. म्हणून रॅम नवी. एका खिडकीची काच बदलायला गेलेल्या माणसाने भिंतीसकट घर बांधून घ्यावे, तसे हे चालते. माझ्या विद्यार्थ्याने ‘रायझन ५ ५६००’ हा २०२२ साली निघालेला प्रोसेसर सुचवला. सहा कोअर, आणि एकेक कोअर दोन कामे हाती धरणारा. त्याच्यावर मुलीचे तीन दिवसांचे काम एका दिवसाच्या आत आटोपेल, असे तो म्हणाला. सगळे मिळून आकडा तीस हजारांच्या घरात गेला. दुसरी वाट, आहे त्याच खाचेत बसणारा ‘आय७-२६००के’ हा मोठा भाऊ जुन्या बाजारातून आणायचा. मिळाला तर पाव हिश्शाच्या आसपास फायदा. पण तोही तेवढ्याच वयाचा, आणि त्याने कोणाच्या घरी काय भोगले आहे ते कोण सांगणार? ही वाट मी लगेच सोडली. तिसरी वाट ओव्हरक्लॉकची.

तीस हजारांचा आकडा माझ्या विद्यार्थ्याने कागदावर लिहिला तेव्हा मी, मुलगी आणि ही, असे तिघेही एकमेकांकडे न पाहता त्या कागदाकडे पाहत राहिलो. कारण तीस हजार हा आकडा आमच्या घरात आधीच राहायला आलेला होता. हिच्या भिशीचा नंबर या दिवाळीत लागला होता. दीड वर्ष महिन्याच्या महिन्याला, ब्लाउज आणि फॉल-पिकोच्या कमाईतून बाजूला काढलेले ते पैसे. ते कशासाठी आहेत हे तिने आम्हांला कधी सांगितले नव्हते. सांगण्याची गरजच नव्हती. ओव्हरलॉकचे मशीन, मोटारीसकट, टेबलासकट.

“घ्या ते,” ही म्हणाली. “पोरीच्या शिक्षणाचं आहे.”

मुलगी म्हणाली, “नको, आई. बाबा, ओव्हरक्लॉकच करू.”

मी काहीच म्हणालो नाही. खरे सांगायचे तर मला ओव्हरक्लॉकचा मोह पडला होता, आणि तो केवळ पैशाचा नव्हता. चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या टेबलाखाली तपभर एक शक्ती निजून होती, आणि नुसता आकडा बदलला की ती जागी होणार होती! माझ्या पहिल्या दोन कादंबऱ्या मी रात्री दहा ते दोन या वेळात लिहिल्या. आता साडेदहाला डोळे मिटतात. तुमच्यातही पाव हिस्सा ताकद अजून शिल्लक आहे, असे कोणी येऊन सांगितले तर कोणाला गोड वाटणार नाही? शिक्षकांच्या खोलीत मी हा विषय काढला तेव्हा आमचे गणिताचे सर म्हणाले, “आपल्याला तर कधीच ओव्हरक्लॉक केलंय. तास शिकवा, मतदारयाद्या करा, खिचडी मोजा, फोटो पाठवा.” यावर सगळे हसले आणि घंटा झाली.

पण मोह आणि हिशेब वेगळे. रविवारी सकाळी पाटी घेऊन बसलो. हो, पाटीच, घरात आहे अजून. प्रोसेसरची उष्णता ठोक्याच्या प्रमाणात वाढते, आणि विजेच्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ठोका वाढवला की दाबही थोडा वाढवावा लागतो, नाहीतर तो डळमळतो. चारही कोअर राबत असताना आमचा प्रोसेसर आपण होऊन ३.४ गिगाहर्ट्झने चालतो. तो ४.२वर न्यायचा, आणि दाब १.२ व्होल्टवरून १.३ करायचा, असे धरले. गती वाढली पावपट. ७२ तासांचे ५८ झाले. उष्णता वाढली ४५ टक्के! म्हणजे पाव शेर दूध जास्त मिळावे म्हणून जवळजवळ अर्धी पेंडी कडबा जास्त.

आणि आम्ही राहतो अकोल्यात. पुण्यामुंबईच्या वाचकांना याचा अर्थ समजायचा नाही. प्रोसेसरवरचा पंखा त्याला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही; खोलीतली हवा आणि प्रोसेसर यांच्यातले अंतर तेवढे तो आटोक्यात ठेवतो. डिसेंबरात खोली वीस अंशांवर असताना प्रोसेसर साठावर असेल, तर हेच काम मे महिन्यात, खोली चव्वेचाळीसवर असताना, तो चौऱ्यांशीवर करील. शंभराच्या जरा अलीकडे तो जिवाच्या भीतीने आपला ठोका आपणच कमी करतो, नाहीतर बंद पडतो. उन्हाळ्यात आमच्याकडे घरोघरी कूलर असतात. गवताच्या ताट्यांवरून पाणी सोडून ओली गार हवा घरात ढकलणारे. माझ्या विद्यार्थ्याने ‘सर, मोठा कूलर बसवावा लागेल’ म्हटले तेव्हा ही म्हणाली, “मागच्या खिडकीतला आणा हवा तर.” त्याला हवा होता तो प्रोसेसरवर बसणारा, तांब्याच्या नळ्यांचा. अशा ओल्या हवेत यंत्र ठेवणे त्याला मुळीच पसंत नव्हते.

आणखी एक गोष्ट मला पटत गेली. ओव्हरक्लॉकने यंत्र जळेल ही भीती आता फारशी खरी नाही; आत रखवालदार असतात. खरी भीती निराळीच. ठोका जरा जास्त झाला की प्रोसेसर बंद न पडता, आवाज न करता, एखादा हिशेब चुकवतो. चित्रात एक ठिपका काळा होईल, तेवढे चालेल. पण माझी दोनशेदहा पानांची अर्धवट कादंबरी त्याच पेटीत आहे. तिच्यात एखादे पान असे बिघडले, तर ते बिघडले आहे हे कळायचे तरी कसे? माझे काही टीकाकार म्हणतील, कळणार नाहीच. ते असो. मी त्याच दिवशी कादंबरीच्या दोन प्रती काढल्या; एक पेनड्राइव्हवर, एक शाळेतल्या कपाटात.

याखेरीज विंडोजचे एक लचांड होते. ‘विंडोज १०’ची मोफत डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५पर्यंतच होती. ‘विंडोज ११’ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. आमचा दुसऱ्या पिढीचा. गुणक ३३चा ४२ झाला म्हणून दुसरी पिढी आठवी होत नाही. आज ना उद्या हा गृहस्थ निवृत्त होणार, हे त्या हिशेबातून लख्ख दिसत होते. प्रश्न एवढाच उरला की त्याची निवृत्ती या हिवाळ्याच्या आधी की नंतर.

खंडेनवमीला शिवणयंत्राची पूजा झाली, माझ्या कुंचल्यांची झाली. संगणकालाही झेंडूचा हार घातला. “हवेच्या जाळीवर नको,” म्हणून मुलीने तो काढून मॉनिटरला घातला. त्या आधी तिने आणि माझ्या विद्यार्थ्याने पेटी उघडून तपभराची धूळ झाडली होती. पंख्याखालच्या पत्र्यांमध्ये कापसाचा थर बसला होता. आमच्या गावाची खरी म्हातारी तिथे येऊन बसली होती. प्रोसेसरवरचा जुना, वाळून खडीसारखा झालेला लेप पुसून त्याने नवा लावला. राखाडी, चंदनाच्या उटीसारखा, मुगाएवढा. एवढ्यानेच तो बारा अंशांनी थंड झाला! ओव्हरक्लॉकचे काहीही होवो, हे अभ्यंगस्नान प्रत्येक संगणकाला दिवाळीपूर्वी घालावे.

परीक्षा कोजागिरीच्या रात्री ठेवली. नाहीतरी जागायचेच होते. ‘प्राइम९५’ नावाची एक आज्ञावली असते. तिचे खरे काम अवाढव्य मूळ संख्या शोधण्याचे. १९९६पासून जगभरचे लोक आपापल्या संगणकावर हा शोध चालवतात. २०२४च्या ऑक्टोबरात चार कोटींहून अधिक अंकांची एक मूळ संख्या या शोधातून सापडली. हे काम प्रोसेसरला घाम काढते, आणि आज्ञावली आपला हिशेब आपणच तपासत जाते; म्हणून ओव्हरक्लॉकवाले तिला परीक्षक नेमतात. गच्चीवर मसाल्याचे दूध आटत होते आणि खाली प्रोसेसर. मुलगी दर अर्ध्या तासाने जिना उतरून तापमान पाहून येई आणि वरून विचारणाऱ्यांना अंश सांगे, जसे घरात कोणाला ताप असावा.

विद्यार्थ्याने आधी ४४ लावून पाहिले. पहाटे दोनला परीक्षकाने ‘हिशेब चुकला’ असे सांगून पेपर काढून घेतला. मग ४२ लावले. सकाळी सातला, दुधाची भांडी घासून झाली तेव्हाही, तो बिनचूक गुणाकार करीत होता. तापमान एकाहत्तर.

त्यानंतरचा निर्णय हिने दिला. ती मशीनवरून न उठता म्हणाली, “असं करा. थंडी आहे तोवर बेचाळीस ठेवा. पोरीचं काम होऊ द्या. भिशीचं माझं मशीन येऊ द्या. बाहेर दर ब्लाउजला दहा रुपये जातात ते वाचतील, वर शेजारणींचं येईल. ते मशीन कमावतं, तुमचं खातं. कमावणारं आधी आणायचं. पुढच्या दिवाळीला त्यातून तुमचा नवा घ्या.”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि मी शोधलेही नाही. मुलीने आपल्या परीने आखणी केली. एकेक चित्र वेगळे साठवायचे, म्हणजे वीज गेली तर चालू असलेले एकच चित्र जाईल. काम फक्त रात्री. यंत्राची इंटरनेटची तार काढलेली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर होळीच्या आठ दिवस आधी तिने तांबड्या शाईने ‘३३’ लिहून ठेवले आहे. त्याच चौकोनात दुधाचा हिशेब असल्यामुळे गवळ्याने परवा तो आकडा पाहून आपल्या वहीशी ताडून पाहिला.

हे लिहीत असताना मशीन आले आहे. बसवायला आलेला कारागीर मघापासून त्याचे चार दोरे ओवतो आहे. त्याने मोटार सुरू केली, एका चिंधीची कड शिवून दाखवली, आणि म्हणाला, “बाई, घरच्या कामाला वेग कमीच ठेवलाय.”

“वाढवता येतो का?” हिने विचारले.

“पुली बदलली की वाढतो,” तो म्हणाला. “पण मग तापतं.”

हिने माझ्याकडे पाहिले, आणि त्याला दुसरी पुली दाखवायला सांगितली.